गावाच्या इतिहासाला सूची कशी करावी

आमच्या भंडारा-गोंदिया भागात गावाचा, तलावाचा किंवा एखाद्या घराण्याचा इतिहास चिकाटीने लिहिणारे निवृत्त शिक्षक भेटतात. पण पुस्तकाच्या शेवटी सूची, म्हणजे विषय आणि नावे कोणत्या पानांवर आली आहेत याची यादी, नसल्यामुळे तीनशे पानांतली हवी ती माहिती वाचकाच्या हाती लागत नाही. लंडनमध्ये १९५७ साली ‘सोसायटी ऑफ इंडेक्सर्स’ ही सूचिकारांची संस्था स्थापन झाली आणि तिकडे हा स्वतंत्र पेशा आहे. आपल्याकडे हे काम बहुधा लेखकालाच करावे लागते.

अंतिम पाने लागून पृष्ठांक पक्के झाल्याशिवाय सूचीला हात लावू नये. माझ्या पहिल्या सूचीच्या वेळी काम संपल्यावर दोन छायाचित्रे वाढली, पाने सरकली आणि त्यापुढची प्रत्येक नोंद मला पुन्हा तपासावी लागली. पहिले वाचन खुणा न करता करावे, दुसऱ्या वाचनात नोंदी काढाव्यात. चिठ्ठ्या वापरा की एक्सेल, त्याने फारसा फरक पडत नाही.

नुसता उल्लेख आला म्हणून नोंद करायची नसते. ‘नवेगावबांधला जाताना साकोलीत चहा घेतला’ एवढ्यावर साकोलीची नोंद होत नाही. तिथल्या बाजाराचे वर्णन असेल तर होते. एका शब्दापुढे सहा-सातांहून अधिक पृष्ठांक साचले की वाचक कंटाळतो, म्हणून तिथे उपनोंदी पाडाव्यात: ‘तलाव: गाळ काढणे ६१–६३, पाळीची दुरुस्ती ५८, ७०, पाणीवाटपाचे तंटे ८४–८८’. ‘८४–८८’ म्हणजे विषय सलग चालला आहे आणि ‘५८, ७०’ म्हणजे तो तुटक आला आहे, हा भेद कसोशीने पाळावा.

सर्वांत जास्त विचार शब्दांचा करावा लागतो, कारण वाचक लेखकाचा नव्हे, तर स्वतःचा शब्द घेऊन सूचीकडे येतो. लेखकाने प्रमाण भाषेत ‘भातलावणी’ लिहिले असले, तरी आमचा शेतकरी ‘रोवणी’ शोधणार. म्हणून ‘रोवणी: पाहा भातलावणी’ अशी नोंद हवीच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि मालगुजारांचे तलाव कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ झाले. त्याचेच संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’. ही तिन्ही नावे सूचीत असावीत, मात्र पृष्ठांक एकाच ठिकाणी द्यावेत आणि बाकी दोन्हींवरून वाचकाला तिकडे पाठवावे. एलिचपूर आणि अचलपूर या एकाच गावाच्या जुन्या-नव्या नावांनाही हाच न्याय लावावा. ‘पाहा’ म्हणून जिकडे पाठवले तिथे नोंदच नाही, असे कधीही होऊ देऊ नये. व्यक्तींच्या बाबतीत ‘देशमुख, पंजाबराव’ असे आडनाव आधी येते. पण तुकडोजी महाराज ‘त’मध्येच हवेत आणि गाडगेबाबा ‘ग’मध्येच, कारण ‘जानोरकर’ या आडनावाखाली गाडगेबाबांना कोणी शोधणार नाही.

अकारविल्हे लावताना संगणकावर विसंबू नये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने धरलेल्या अक्षरांच्या क्रमात, ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो आणि ‘क्ष’ हे ‘क’चे जोडाक्षर धरले जाते; मराठी वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ असा क्रम आहे. त्यामुळे ‘क्षत्रिय’ हा शब्द ‘क’मध्ये गेलेला दिसला, तर तो हाताने शेवटी आणावा. अनुस्वाराचे शब्द कुठे ठेवायचे याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत; एक निवडावी, शेवटपर्यंत पाळावी आणि सूचीच्या वर दोन ओळींत सांगून टाकावी.

छपाईला देण्यापूर्वी वीस-पंचवीस नोंदी कुठूनही उचलून त्या त्या पानाशी ताडून पाहाव्यात. मग पुस्तक न वाचलेल्या गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला, शक्यतो स्वतः बांधीत (भाताच्या शेतात) राबणाऱ्याला, सूची देऊन त्याला काय शोधायचे आहे ते विचारावे. जो शब्द त्याला सापडणार नाही, तो त्याच्या समोरच लिहून घ्यावा.