हृदयाचं औषध चालू असताना दुसरी गोळी घेण्याआधी

मी फार्मासिस्ट आहे. मला सर्वात जास्त धास्ती वाटते ती गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या गोळीची. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो. हृदय कमकुवत असेल तर धाप लागते, पाय सुजतात. नडगीवर बोट दाबून बघा, खळगा राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पाकिटावरचं ठळक नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. सर्दीच्या गोळीत फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारी, पण रक्तदाब चढवू शकणारी औषधं) दिसलं तर आधी विचारा.

मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी बरं वाटतंय म्हणून एकदम कधीच सोडू नका. छातीतलं दुखणं उसळू शकतं. आणि स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असेल तर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.