किनाऱ्याच्या रस्त्यावर किलोमीटर नव्हे, चढ मोजा

सायकल सहल आखताना नकाशावर किनाऱ्याचा रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो प्रत्येक खाडीपाशी समुद्रपातळीला उतरतो आणि पुढच्या टेकाडावर पुन्हा चढतो. शंभर मीटरचे आठ चढ म्हणजे ८०० मीटर चढाई, आणि नावाला घाट एकही नाही! त्यामुळे मार्ग आखताना आधी एकूण चढाई बघा. सामान लादलेल्या सायकलवर तासाला ४०० मीटर चढलात तरी पुष्कळ.

हे छोटे चढ गिअरवरच सुटतात. उतार संपत आला की, चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर साखळी कुरकुरते, कधी निसटतेही. उतारावर मिळालेल्या वेगाच्या भरवशावर वर जाऊ, असं वाटतं खरं, पण तो वेग अर्ध्यातच संपतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, चाकाची रिम तापते. वळणाआधी नीट दाबा आणि सोडून द्या.

वाऱ्याचंही गणित आहे. दुपारी वारा बहुधा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. म्हणून समुद्राकडे सकाळी जा, आतल्या भागाकडे दुपारी परता. मुक्कामी पोचल्यावर साखळी पुसून तेल घाला, खारी हवा गंज चढवते.