परदेशात समुद्रकाठी घर भाड्याने घेताना
समुद्र दिसतो का, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी कपाटं उघडा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कुबट वास आला, मागे काळे ठिपके दिसले, तर ओल मुरली आहे. नुसता रंग मारून ती जात नाही. मग बिजागऱ्या, नळ, बाल्कनीचे कठडे. खाऱ्या हवेने काँक्रीटमधली सळईसुद्धा गंजते, गंजून फुगते आणि प्लास्टर सुटतं. छताला असे पोपडे दिसले की मी तरी ते घर सोडून देते, भाडं कितीही कमी असो.

जमलं तर भरतीच्या वेळी, वारं सुटलेलं असताना जा. पुराच्या धोक्याचे सरकारी नकाशे बऱ्याच देशांत ऑनलाइन मिळतात.

नव्या देशात आपल्याला कोणी ओळखत नसतं, म्हणून नोकरीचं पत्र आणि जुन्या घरमालकाची शिफारस जवळ ठेवा. पण घर न पाहता अनामत पाठवू नका, कोणी कितीही घाई केली तरी. करार वर्षभराचा आहे ना, हे नीट वाचा. पर्यटकांच्या हंगामात घर रिकामं करायला लावणारे मालक असतात. बुरशी निघाली तर खर्च कुणाचा, तेही लेखी घ्या. किल्ली मिळाली की प्रत्येक डागाचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा.