सातताल–पंगोट: सहाजणांनी मिळून पक्षी कसे पाहावेत

उत्तराखंडात नैनितालजवळच्या सातताल-पंगोटला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो आधी आकडा सांगतो. शंभराच्या वरचाच असतो. थोडं खोदून विचारलं की कळतं, तो आकडा गटाचा आहे. त्याला स्वतःला त्यातले निम्मे धड दिसलेले असतात. बाकीच्यांचं नाव गाइडने घेतलं, पुढच्या दोघांनी माना डोलावल्या आणि पक्षी यादीत चढला. मी कुमाऊंच्या या पट्ट्यात बरीच वर्षं छोटे गट घेऊन जाते आणि या एका गोष्टीवर माझं डोकं फिरतं. लॉज कुठलं, बूट कुठले, कॅमेऱ्याची लेन्स किती लांबीची, यावर लोक तासन्‌तास सल्ले देतात. फांदीवरचा पक्षी सहाही जणांना कसा दाखवायचा, यावर कुणी बोलत नाही.

सोप्या गोष्टी आधी उरकते.

कधी: फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. हिमालयातले बरेच पक्षी उत्तर-दक्षिण न जाता डोंगराच्या वर-खाली स्थलांतर करतात. थंडीत वरचे पक्षी खाली उतरतात, ऊन वाढलं की पुन्हा चढतात. सातताल साधारण १,३७० मीटरवर, पंगोट २,००० मीटरच्या आसपास. मार्चमध्ये ही चढाई चालू असते, म्हणून दोन्ही ठिकाणी काही ना काही सापडतं. हजार मीटरला साधारण सहा अंश तापमान उतरतं, त्यामुळे साततालला स्वेटर पुरतो आणि पंगोटच्या पहाटेला पुरत नाही.

किती जण: सहा. सात नकोत. जंगलातल्या पायवाटेवर सातवा माणूस कायम सहाव्याच्या पाठीमागे असतो आणि त्याला सहाव्याची टोपी दिसते.

दुर्बीण: ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची). १० पटीची घेऊ नका. दाट झाडीत मोठं दिसण्यापेक्षा रुंद दिसणं महत्त्वाचं, आणि १० पटीत हाताची थरथरही मोठी होते. दोघांत एक दुर्बीण हा प्रकार तर बिलकूल नको.

प्रवास: काठगोदामपर्यंत रेल्वे, तिथून गाडी. वळणांचा त्रास होणाऱ्याने पुढे बसावं.

आधी तळं, मग डोंगर

पुष्कळ जण उलटं करतात. आधी पंगोट, मग "आराम म्हणून" सातताल. मला ते पटत नाही. तळ्याच्या काठी आणि ओढ्यावर पक्षी उघड्यावर असतात, ठरलेल्या जागी परत येतात, आणि नव्या माणसाला शिकायला वेळ देतात. पंगोटच्या बांजाच्या (हिमालयातल्या ओकच्या) जंगलात पक्षी कुणासाठी थांबत नाही. तिथे शिकायला बसलात तर तीन दिवस शिकण्यातच जातील. म्हणून दोन रात्री सातताल, तीन पंगोट. साततालला शनिवार-रविवार टाळा. होड्या आणि गाण्यांच्या गोंगाटात बार्बेटची (आपल्या तांबटाच्या जातभाईची) हाकसुद्धा ऐकू येत नाही.

पहिली सकाळ तळ्यांच्या भोवती घालवा. अमेरिकन मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० साली स्थापन केलेल्या आश्रमाचा परिसर आजही झाडीने भरलेला आहे. दुसऱ्या सकाळी चाफीच्या ओढ्यावर जा. तिथे प्लंबियस रेडस्टार्ट (आपल्या थिरथिऱ्याचा पाण्याकाठचा भाऊबंद) एकाच दगडावर बसून तांबडी शेपटी पंख्यासारखी उघडमीट करत राहतो. उडाला तरी मिनिटाभरात जवळच्याच दगडावर परत. ब्राउन डिपर पाण्यात बुडी मारून चार हात पलीकडे निघतो. नशीब असेल तर क्रेस्टेड किंगफिशर दिसतो, आपल्या कवड्या खंड्याचा दांडगा मोठा भाऊ.

हे पक्षी सुंदर आहेत, पण मी तिथे नेते ते सरावासाठी. कसला सराव, ते आता सांगते. खरं काम इथेच आहे.

मिश्र थवा आणि पक्ष्याचा पत्ता

हिमालयाच्या जंगलात बराच वेळ काहीच नसतं. दहा, वीस, कधी तीस मिनिटं नुसती शांतता. मग कुठून तरी बारीक चिवचिव सुरू होते आणि बघता बघता आजूबाजूची झाडं हलायला लागतात. टिट, वटवटे, निखार, सुतार, नटहॅच, ट्रीक्रीपर सगळे एकत्र फिरत खात असतात. हा मिश्र थवा. एका मिनिटात पंधरा जाती डोक्यावरून जातात आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत रान पुन्हा गप्प होतं. या सहलीतले बहुतेक चांगले पक्षी या दोन-तीन मिनिटांतच मिळतात. ती मिनिटं हातची गेली की दिवस गेला.

पहिल्यांदा गट घेऊन गेले तेव्हा नैनिताल-पंगोट रस्त्यावरच्या किलबरीच्या बाजूला असाच थवा आला. मला रूफस-बेलीड वुडपेकर दिसला आणि मी आनंदाने नाव ओरडले. काय झालं असेल? सहाही जण माझ्याकडे वळले. एकाने पुस्तक उघडलं, एकाने फोन. मी "तिकडे, तिकडे, त्या झाडावर" म्हणत हात नाचवत होते, आणि समोर झाडंच झाडं. थवा पलीकडच्या दरीत उतरला. गटातले एक निवृत्त काका शांतपणे म्हणाले, "अगं, तू नाव सांगितलंस. पत्ता कुठे सांगितलास?"

त्या दिवसापासून माझ्या गटात नाव शेवटी. आधी पत्ता, आणि तो ठरलेल्या क्रमाने: झाड, घड्याळ, खोली, हालचाल.

समजा मी म्हटलं, "वठलेल्या बांजाच्या उजवीकडे दुसरं झाड. नऊ वाजता. आत, खोडाला लागून. वर सरकतोय." यात नाव नाही, पण सहाही जणांचे डोळे एका जागी येतात. झाडाच्या पर्णभाराचा मध्य म्हणजे घड्याळाचा मध्य. बारा म्हणजे सरळ वर, झाड कितीही कललेलं असो. खोली सांगायला लोक हमखास विसरतात: पक्षी आपल्या बाजूच्या फांदीवर आहे की मागच्या? दुर्बीण एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. खोली चुकली तर दुर्बिणीत समोर असूनही पक्षी धुक्यात जातो.

घड्याळ एका ठिकाणी फसतं, हे मला उशिरा कळलं. पंगोटच्या रस्त्यावरून दरीकडे पाहिलं की झाडांचे शेंडे आपल्या डोळ्यांसमोर येतात आणि बुंधे खाली दिसेनासे होतात. तिथे मध्य कुठला धरायचा? तिथे घड्याळ सोडा आणि शेंड्यापासून मोजा: "शेंड्याच्या दोन हात खाली, डावीकडची बेचकी."

खुणा आधी ठरवायच्या. जिथे थांबाल तिथे थवा येण्याआधीच तीन खुणांना नावं द्या: वठलेला बांज, शेवाळलेला खांब, पांढरा खडक. एकाने मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी पाहून घ्यायचं. पंधरा सेकंदांचं काम आहे, पण लोकांना त्याची लाज वाटते, बालवाडीत बसल्यासारखं वाटतं. वाटू दे.

बोट दाखवू नका. हे मी दर सहलीत दहा वेळा सांगते. तुमचं बोट आणि पक्षी एका रेषेत येतात ते फक्त तुमच्या डोळ्याला. शेजारच्याला तेच बोट भलत्याच झाडावर रोखलेलं दिसतं. दाखवायचंच असेल तर त्याच्या मागे उभं राहून त्याच्या खांद्यावरून हात पुढे काढा, म्हणजे तो तुमच्या हाताच्या रेषेतून पाहील. हिरवा लेझर वापरणारेही भेटतात. पक्ष्याच्या आणि माणसाच्या डोळ्यांजवळ ती वस्तू फिरवलेली मला चालत नाही.

पत्ता मिळाल्यावर नजर त्या जागेवरून हलवायची नाही. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवे लोक दुर्बिणीकडे खाली पाहतात, मग वर पाहतात, आणि झाड हरवून बसतात. चाफीच्या दगडावरचा रेडस्टार्ट या सवयीसाठीच आहे. वीस वेळा करा, चुकलात तरी तो बसलेलाच असतो.

पक्षी दिसला की एकच शब्द: "मिळाला." नाही दिसला तर "नाही". हे दुसरं फार अवघड जातं. माणसं भिडस्त असतात. तिघांना मिळाला की चौथा उगाच "हो हो, दिसला" म्हणून मोकळा होतो. मी अशा वेळी विचारते, "शेपूट कुठल्या बाजूला आहे?" उत्तर आलं तर दिसला. ओठ हलले नाहीत तर पुन्हा पत्ता. ज्याने पत्ता दिला त्याने सगळ्यांना मिळेपर्यंत पक्ष्यावरची नजर काढायची नाही, फोटोचं नावही काढायचं नाही.

थव्यात सगळे वर पाहतात, ही आणखी एक खोड. दोघांनी शेंडे पाहायचे, तिथे निखार, टिट, वटवटे. दोघांनी खोडं. इथे पक्षी चालण्यावरूनच ओळखू येतो: ट्रीक्रीपर बुंध्यापासून वर चढत जातो आणि मग पुढच्या झाडाच्या बुंध्याशी उतरतो, नटहॅच खुशाल डोकं खाली करून उतरतो. उरलेल्या दोघांनी झुडपं आणि जमीन, तिथे लाफिंगथ्रश पालापाचोळा उधळत असतात. दर थव्याला जागा बदला, नाहीतर जमीनवाले रुसतात आणि त्यांचं बरोबर असतं.

थव्यामागे धावू नका. तो कुठल्या अंगाने सरकतोय ते पाहा, त्याच्या तीस पावलं पुढे जाऊन सूर्य पाठीशी घ्या आणि उभे राहा. तो अंगावर येतो. मागे धावलात तर शेपट्या मोजत बसाल.

मोबाइलवरून आवाज वाजवून पक्षी बोलावणं माझ्या गटात बंद आहे. विणीच्या सुमाराला तो नर आपला प्रदेश राखायला धावत येतो, तुमच्या हौसेसाठी त्याची सकाळ जाते. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं, ते चालेल, पण नाव सुचलं म्हणजे पक्षी दिसला असं नाही. हाइडमध्ये (पक्ष्यांपासून लपून बसायच्या आडोशात) बसून पाण्यावर येणारे पक्षी हातभरावरून पाहायचे असतील तर एक दुपार द्या, त्याहून जास्त नको. तिथे पत्ता शोधावा लागत नाही, आणि हात बिघडतो.

पंगोट

नैनितालहून किलबरीच्या रस्त्याने पंगोटला जाताना घाई करू नका. बांज आणि बुरांशाचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) हे जंगल मार्चमध्ये लाल फुलांनी पेटलेलं असतं आणि फुलांवर रूफस सिबिया हमखास असतात. सकाळी अंधारातच निघा. कोकलास हा रानकोंबड्यासारखा फेझंट रस्त्यावर येतो तो पहिल्या उजेडात, पहिली मोटारसायकल जाईपर्यंत. गाडी हळू, काचा खाली, दार आपटायचं नाही.

चीर फेझंटसाठी पंगोटच्या पुढच्या विनायकला जायचं. उभे गवताळ उतार आणि त्यांत खडक, हे त्याचं घर. उजाडण्याआधी पोहोचा, कारण तो पहाटे ओरडतो आणि जागा सांगून जातो. रंग सुकलेल्या गवताचाच, म्हणून नुसतं "उतारावर" म्हणाल तर दिवसभर कुणाला दिसणार नाही. "पांढऱ्या खडकाच्या खाली, गवताचा दुसरा पट्टा, त्याच्या डाव्या टोकाला" असं म्हणा. स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण) पूर्ण सहलीत इथेच कामाला येतो. हवा स्वच्छ असली तर नेमक्या याच वेळी समोर नंदादेवी (७,८१६ मीटर) आणि त्रिशूळ उजळतात, आणि गटातले निम्मे पाठ फिरवून फोटो काढायला लागतात. शिखरं पळून जात नाहीत. ऊन चढून हवा तापली की हिमालयन ग्रिफन गिधाडं वर येतील, तेव्हा सगळे वर पाहा आणि शिखरांचे फोटोही काढा.

याच डोंगरांत कधीकाळी हिमालयन क्वेल हा लाव्यासारखा पक्षी होता. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८७६ साली नैनितालजवळ मिळाला, त्यानंतर पक्की नोंद नाही. गवतात काही हललं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. दर वेळी निघतं काय, तर कलिज, इथला नेहमीचा फेझंट.

यादी

रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून यादी करा. प्रत्येकाची वेगळी, दोन रकान्यांची: पाहिला, ऐकला. "गटाने पाहिला" असा तिसरा रकाना नाही. मी नावं वाचते, ज्यांनी पाहिला त्यांनी हात वर करायचा. ज्या नावाला एखाद-दुसराच हात वर येतो, त्याला खूण करून ठेवते. शेवटच्या सकाळी गाडी काठगोदामकडे उतरायला लागली की त्या खुणा केलेल्या नावांसाठीच थांबे घ्यायचे, म्हणून रेल्वे दुपारनंतरची धरा.