गिनीपिगचं आजारपण आधी काट्यावर दिसतं
दुखणं लपवायचं हे गिनीपिगच्या रक्तातच असतं. अशक्त दिसला की तो शिकाऱ्याच्या तोंडी जाणार. त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. खोलगट भांड्यात चिमूटभर सुकं गवत टाका, काटा शून्यावर आणा, मग त्याला अलगद आत बसवा. गवत चघळत तो शांत राहतो, नाहीतर आकडा सारखा हलतो. वीस-तीस ग्रॅमचा फरक नेहमीचाच. ५० ग्रॅमहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना दाखवाच. पुष्कळदा मागच्या दाढा वाढल्यामुळे त्याला नीट खाता येत नसतं, आणि त्या दाढा आपल्याला दिसत नाहीत. खाणंच थांबलं असेल, तर कृपा करून उद्यावर ढकलू नका.