नेपाळच्या संसदेत कुणाचा वाटा किती, हे कसं तपासायचं

प्रतिनिधी सभेत, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, २७५ जागा आहेत. १६५ थेट मतदारसंघांतून, ११० समानुपातिक यादीतून, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्याच्या उमेदवार यादीतून. २०१५च्या राज्यघटनेने समाजगटांना दिलेले वाटे फक्त या ११० जागांना लागतात. पहिली चूक इथेच होते, लोक टक्केवारी सरळ २७५ला लावून मोकळे होतात.

आधी पक्ष पात्र आहे का ते बघा. यादीच्या वैध मतांपैकी ३ टक्के मतं नसतील, तर यादीतून काहीच मिळत नाही. २०२२मध्ये एकीकृत समाजवादी पक्षाचे १० जण थेट निवडून आले, पण यादीची मतं ३ टक्क्यांच्या आत राहिली. यादीचं खातं कोरंच.

मग पक्षाच्या यादीजागांना हे टक्के लावा: खस-आर्य (डोंगराळ भागातले बाहुन-छेत्री वगैरे उच्चजातीय) ३१.२, आदिवासी जनजाती २८.७, मधेशी (दक्षिणेच्या तराईतले) १५.३, दलित १३.८, थारू (तराईतला आदिवासी समाज) ६.६, मुस्लिम ४.४. बेरीज १००. मागास भागाचे ४.३ यात मिळवू नका. मागास भागातला उमेदवार या सहांपैकीच कुठल्यातरी गटातला असतो. (आधीच सत्तेत मुरलेल्या खस-आर्यांना इथेही वाटा कशासाठी, हा आक्षेप जुना आहे आणि रास्तही.) २० जागा असतील तर दलित २.७६, थारू १.३२, मुस्लिम ०.८८, म्हणजे साधारण तीन, एक, एक. सातच जागा असतील तर मुस्लिम वाटा ०.३१ उरतो. त्यातून माणूस निघत नाही.

महिलांचा हिशेब वेगळा. पक्षाच्या संसदेतल्या एकूण सदस्यांत एक तृतीयांश महिला हव्यात, थेट निवडून आलेले धरून. राष्ट्रीय सभा, म्हणजे वरचं सभागृह, तूर्त बाजूला ठेवू. समजा, थेट ६० निवडून आले, त्यात महिला दोनच. यादीतून ३० जागा. एकूण ९०, महिला हव्यात ३०, म्हणजे यादीतल्या ३० पैकी २८ महिलाच. थेट तिकिटं पुरुषांना वाटायची आणि भरपाई यादीतून करायची, असं हे चालतं. मग थेट तिकीट न मिळालेल्या दलित किंवा मुस्लिम पुरुषाला यादीतही जागा क्वचितच उरते.

स्थानिक पातळीवर, गावं आणि शहरं मिळून, ७५३ पालिका आहेत. प्रमुख आणि उपप्रमुख अशी दोन्ही पदं एकच पक्ष लढवत असेल, तर एक उमेदवार महिला हवी. आघाडी असेल तर नीट बघा: एक पक्ष प्रमुखपद लढवतो, दुसरा उपप्रमुखपद, आणि दोन्हीकडे पुरुष उभे करता येतात. २०२२च्या स्थानिक निवडणुकीत ही पळवाट वापरली गेली.