आपल्याच पाण्यामागं : कोल्हापूर ते गोकाकचा धबधबा, रेल्वेनं एका दिवसात

कोल्हापुरात पाऊस लागून राहिला की जो तो राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. माझा फोन त्या दिवसांत आणखी एका कारणानं वाजतो. ‘बाई, गोकाकला पाणी कसं आहे? कधी निघायचं?’

सत्तावीस वर्षं मी हायस्कुलात भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून दर पावसाळ्यात पंधरा-वीस जणांना घेऊन कर्नाटकातल्या गोकाकला धबधबा बघायला जाते. कुणी जुने विद्यार्थी, कुणी त्यांचे आईवडील, कुणी नुसतेच ऐकून आलेले. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. माझ्याबरोबर या, दुसऱ्या कुणा माहीतगाराबरोबर जा, किंवा स्वतः चार माणसांना घेऊन जा, उपयोग होईल.

पहिली गोष्ट दिवस ठरवण्याची, आणि चूक होते ती इथंच. कोल्हापूर शहरात धो धो पाऊस पडतोय म्हणून गोकाकला धबधबा भरला असेल, असं नसतं. पंचगंगेचा आणि त्या धबधब्याचा संबंध नाही. गोकाकला कोसळते ती घटप्रभा. तिचं पाणी चंदगडच्या घाटमाथ्याचं, आणि तिला येऊन मिळणारी हिरण्यकेशी आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येते. म्हणजे कर्नाटकात जाऊन आपण बघतो ते बरंचसं आपल्याच जिल्ह्याचं पाणी. तेव्हा पेपरात चंदगड आणि आजऱ्याच्या पावसाचा आकडा बघा. त्याच्या शेजारी हिडकल धरण किती भरलं तेही बघा. या धरणाची साठवण 51 टीएमसी, म्हणजे 51 अब्ज घनफूट. ते भरत येईपर्यंत घटप्रभेचं पाणी तिथंच अडतं. दरवाजे उघडल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत निघावं. हिरण्यकेशी धरणाच्या खालच्या अंगाला मिळते, त्यामुळं दरवाजे बंद असतानाही आजऱ्याकडं पाऊस असला तर धबधब्याला धार असते, पण ती रुंदी नसते.

माझा अनुभव असा की ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते अनंत चतुर्दशी हा काळ सगळ्यात चांगला. जुलैत पाणी गढूळ आणि पाऊस इतका की समोरचं दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी कालव्यांना जातं, धबधबा ओसरतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर नुसता कडा उरतो. भूगोल शिकायला तो कोरडा कडाही उत्तम आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं धबधब्याला पाणी असताना जावं. आणि पंचगंगा धोक्याच्या पातळीकडं निघाली असेल तर बेत सरळ पुढं ढकला. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-मिरज रेल्वे बंद ठेवावी लागली होती. परतीचा मार्ग पाण्याखाली जाईल अशा दिवशी कुणालाही घेऊन बाहेर पडू नये.

आता रेल्वे कशासाठी? गाडीनं संकेश्वरमार्गे लवकर पोचता येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण रेल्वेच्या खिडकीतून नद्या ज्या क्रमानं दिसतात तो क्रम रस्त्यावर मिळत नाही. आणि तो क्रम समजला की धबधबा नुसता ‘भारी’ राहत नाही, कळायला लागतो.

श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून सकाळची पहिली सोयीची गाडी धरून मिरज, तिथं गाडी बदलून बेळगावच्या दिशेनं घटप्रभा स्टेशन, असा प्रवास. मिरजेपर्यंत साधारण तास, पुढं दीड ते दोन तास. कोल्हापुरातून हरिप्रिया एक्सप्रेस थेट त्या मार्गानं जाते खरी, पण ती सकाळ सरल्यावर सुटते; एका दिवसात जाऊन यायचं तर तिचा उपयोग नाही. वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी 139 वर किंवा रेल्वेच्या ॲपवर जाताना-येतानाच्या चारही गाड्या तपासा आणि कागदावर लिहून घ्या. होय, कागदावर. गटातल्या प्रत्येकाच्या खिशात तो कागद असावा.

मिरजेला दोन गाड्यांमध्ये किमान पाऊण तास ठेवा. दुसऱ्या वर्षी मी पंधरा मिनिटांवर भरवसा ठेवला होता. आमची गाडी मिरजेच्या बाहेर सिग्नलला थांबली, आणि आम्ही पूल चढून पलीकडं जाईपर्यंत पुढची गाडी हलली होती. एकोणीस माणसं, त्यात दोन सत्तरीच्या मावशी. दिवस मिरज स्टेशनच्या बाकड्यांवर गेला. तेव्हापासून पाऊण तासापेक्षा कमी वेळ मी ठेवलेला नाही. त्या वेळात चहा होतो, डोकी मोजून होतात, आणि ज्यांना जिना चढायला वेळ लागतो त्यांना घाई करावी लागत नाही.

नकाशावर ‘गोकाक रोड’ हे स्टेशन धबधब्याला जवळ दिसेल. तिथं थोड्याच गाड्या थांबतात. घटप्रभेलाच उतरा.

खिडकीतून काय बघायचं ते सांगते, कारण माहीतगार माणूस बरोबर असण्याचा खरा फायदा इथं आहे. वळीवडे सोडलं की रुकडीच्या अलीकडं गाडी पंचगंगा ओलांडते. पूल लहान आहे, पण पावसाळ्यात दोन्ही काठांचा ऊस पाण्यात उभा दिसतो. जयसिंगपूर मागं पडलं की कृष्णा. या जागी कृष्णेत कोयनेचं पाणी आलेलं असतं, वारणेचंही आलेलं असतं. पंचगंगा अजून मिळालेली नसते, ती खाली नृसिंहवाडीला मिळते. मिरजेहून निघालात, शेडबाळपासून पाट्यांवर कन्नड आलं, उगार गेलं की कुडचीच्या अलीकडं कृष्णा पुन्हा ओलांडायची. आता तिच्यात पंचगंगा आहे, दूधगंगा आहे. मी इथं सगळ्यांना उठवून दारापासून आत, खिडक्यांशी उभं करते आणि विचारते, मघाच्या कृष्णेत आणि हिच्यात फरक काय दिसतो? मुलं रुंदी सांगतात. एकदा एका आजींनी सांगितलं, ‘ही दमल्यागत चाललीया.’ त्यांचं बरोबर होतं. उतार कमी होतो, नदी संथ होते, आणि म्हणूनच शिरोळ तालुक्यात पुराचं पाणी दिवसेंदिवस हलत नाही.

पुढं चिंचली येतं, मायाक्कादेवीचं. डब्यातल्या निम्म्या बायका हात जोडतात. मग रायबाग, जे एके काळी कोल्हापूर संस्थानात होतं. ऊस विरळ होतो, माळ दिसायला लागतात. आणि घटप्रभा.

उतरल्यावर लगेच धबधब्याकडं धावू नका. स्टेशनाबाहेर रिक्षा, वडाप (शेअर गाड्या) मिळतात. भाडं आधी ठरवा, परतीचंही त्याच वेळी. बहुतेकांना मराठी समजतं, तरी ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ एवढं कन्नड तोंडात असू द्या, समोरचा हसून बोलतो. आधी जवळच्या धूपदाळ बंधाऱ्यावर जा. ब्रिटिश काळातला हा दगडी बंधारा, यावरून कालव्यांना पाणी वळवतात आणि उरलेलं सांडून पुढं धबधब्याकडं जातं. बंधाऱ्याच्या वरचं पाणी तळ्यासारखं पसरलेलं आहे. 1974 पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे ते या परिसरात. हिवाळ्यात लांबून करकोचे येतात. पावसाळ्यात ते नसतात, पण हे पसरट, शांत पाणी आधी बघितलं म्हणजे काही किलोमीटरवर त्याचं काय होतं हे बघताना अंगावर काटा येतो. अर्धा तास पुरे.

धबधब्याचा आवाज आधी येतो. गाडी थांबली की मी सगळ्यांना दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगते, फोन पिशवीत.

नदी 52 मीटर खाली कोसळते. कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे, म्हणून लोक ‘भारताचा नायगारा’ म्हणतात. आकार आणि उंचीपुरती ती तुलना चालते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो खडक. पन्हाळा, जोतिबा, आपल्या घरांचे जोते, सगळा काळा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गोकाकला तो संपलेला असतो. इथला खडक तांबूस, थराथरांचा वालुकाश्म आहे, कलादगी नावाच्या खडकमालेतला, शंभर कोटी वर्षांहून जुना. वाळू पाण्यात साचून, दबून, घट्ट होऊन झालेला. कठीण थर वर टिकून राहतो आणि पाणी सरळ उभ्या भिंतीवरून पडतं. थर बोटानं मोजता येतात. माझ्याकडं घरचा बसाल्टचा एक तुकडा असतो, तो मी हातात देते आणि समोरच्या कड्याकडं बघायला सांगते. पुस्तकातली दोन पानं तिथं एका मिनिटात कळतात.

काठावर जुनी महालिंगेश्वराची शिळा-मंदिरं आहेत, चालुक्यकालीन. पाऊस आला तर आसऱ्याला उभं राहायला नव्हे, नीट बघायला जा. पलीकडं सूतगिरणी दिसते, 1887 साली सुरू झालेली. याच उंचीवरून पाणी खाली नेऊन तिची यंत्रं फिरवली गेली. गिरणी इथंच का, याचं उत्तर समोर पडत असतं. नदीवरचा झुलता पूल सुमारे 200 मीटर लांब आहे. पुलावर जायला मुभा असेल तरच जा, ओळीनं जा, मधे थांबून फोटो काढायला गर्दी करू नका. बंद असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही. आमच्या गटात हा नियम मी निघण्याआधीच सांगते.

आणि आता जे सांगते ते विनवणी समजा. वरच्या खडकावर, पाण्याच्या कडेला उतरू नका. पाणी कमी दिसलं तरी नाही. वर धरण आहे, बंधारा आहे, पाणी सोडलं की इथं वाढायला वेळ लागत नाही. तो तांबडा दगड ओला झाला की शेवाळानं काचेसारखा होतो. तीन वर्षांपूर्वी आमच्यातली एक कॉलेजची मुलगी फक्त चार पावलं पुढं गेली आणि घसरली. घोट्यावर निभावलं. ती पडली तिथून कडा किती लांब होता हे मी नंतर डोळ्यांनी मोजलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी जागा ठरवून देते आणि तिच्या पुढं स्वतः उभी राहते. जो वाटाड्या ‘या, खाली नेतो, भारी फोटो येतो’ म्हणतो, त्याला पैसे देऊ नका. जो आधी पाण्याची परिस्थिती सांगतो, किती जण आहात विचारतो, म्हाताऱ्या माणसांकडं बघून वाट ठरवतो, त्याला दोन रुपये जास्त द्या.

पायात पकडीचे रबरी तळ असलेले सँडल हवेत. कोल्हापुरी चप्पल मला जिवापाड आवडते, पण ती इथं नको; कातडं भिजतं आणि पाय सरकतो. वाऱ्यानं तुषार उडत असतात, छत्री टिकत नाही, रेनकोट आणा. फोनला प्लॅस्टिकची पिशवी. जेवण घरूनच: धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही घट्ट डब्यात. भाकरी दुपारपर्यंत वाळते, धपाटी राहतात. कागद, पिशव्या परत घरी.

दुपारी तीनच्या आत धबधबा सोडायचा, गाडी कितीही उशिराची असली तरी. वेळ उरला तर गोकाक गावात जाऊन करदंट घ्या. डिंक, सुकामेवा आणि गुळाची ती वडी बाळंतिणीला देतात, प्रवासात चार दिवस टिकते. लाकडी रंगीत फळं-खेळणीही तिथलीच. परतीची गाडी चुकली किंवा रद्द झाली तर घाबरायचं कारण नाही. संकेश्वर गाठा, तिथून हमरस्त्यानं निपाणी, कागल करत कोल्हापूरच्या एसटी आणि कर्नाटकच्या बस मिळतात. तेवढे पैसे रोख, वेगळ्या खिशात ठेवा.

परतताना डबा शांत असतो, मुलं झोपलेली असतात. रुकडीच्या पुलावर बहुतेक वेळा अंधार पडलेला असतो आणि पाणी दिसत नाही, फक्त चाकांचा आवाज बदलतो. तेवढ्यात मी शेवटची डोकी मोजते. उतरायला पिशव्या काढायच्या असतात, आणि टर्मिनसबाहेर शेअर रिक्षा रात्री लवकर संपतात, म्हणून कोण कुणाबरोबर घरी जाणार हे तिथंच, डब्यात, ठरवून घ्या.